बंद साखर कारखाना, मळीचे खड्डे आणि नाल्याकाठची खराब जमीन: गावकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात गाळप बंद पडलेल्या कारखान्यांच्या आणि डिस्टिलरींच्या जागा बहुतेक नाल्याच्या किंवा नदीच्या काठाला आहेत, कारण कारखान्याला पाणी लागायचं. तेच पाणी आता जमिनीतली घाण खालच्या गावांकडे नेतं. अशी जागा पुन्हा जिवंत करायला निघालेली गावं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे क्रमाने घेतले आहेत. दुसरीकडे उत्तर असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जागा खरंच दूषित आहे का, हे प्रयोगशाळेत जाण्याआधी ओळखता येतं का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. पावसाळ्यानंतरही गवत न उगवणारे टक्कल पडल्यासारखे पट्टे, उन्हाळ्यात मातीवर आलेली पांढरी किंवा काळपट पापुद्री, विहिरीला चहासारखा रंग, नाल्याच्या डबक्याला सडक्या अंड्यांचा वास, ही लक्षणं धरा. एक सोपी चाचणी घरी होते. स्वच्छ काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या आणि त्यात मातीचं वाळलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद सोडा. ग्लास हलवू नका. दोन तासांत ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर जमीन चोपण झाली आहे, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झाली आहे. ढेकूळ नुसतं फुटून खाली बसलं तर सोडियमचा त्रास कमी आहे. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे ढग दिसत नाही आणि फसगत होते.

धातूंचं प्रदूषण मात्र डोळ्याला दिसत नाही. ते जमिनीत असताना वरचं गवत हिरवंगार असू शकतं.

२. जमीन कारखान्याची, कारखाना अवसायनात. मग काम कुणाला विचारून करायचं?

सातबारा आणि फेरफार आधी काढा. सहकारी कारखाना अवसायनात असेल तर अवसायकाची, म्हणजे कारखाना गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी लागते. जागा बँकेच्या ताब्यात असेल तर बँकेची, एमआयडीसीचा भूखंड असेल तर एमआयडीसीची. नाल्याची हद्द आणि गायरान सहसा वेगळ्या गटात असतं, तिथे ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय येतं. परवानगीच्या पत्रात तीन गोष्टी लिहून घ्या: नमुने घेण्याची मुभा, पाणी वळवण्याचं काम, आणि 'या कामामुळे प्रदूषणाची जबाबदारी गावाकडे येत नाही' हे वाक्य. तिसरी गोष्ट राहून गेली की पुढे मालक बदलल्यावर भांडण गावाच्या गळ्यात येतं.

ग्रामसभेचा ठराव आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंद ठेवा. जैवविविधता कायदा २००२ चा असला तरी कित्येक गावांत ही समिती फक्त कागदावर आहे, ती या कामासाठी उभी करा.

३. साफसफाईसाठी शंभर पोरं तयार आहेत. श्रमदान कधी ठेवायचं?

नमुन्यांचे अहवाल येईपर्यंत आत श्रमदान ठेवू नका. पहिल्या फेरीत चार-पाच अनुभवी माणसांनी नकाशा करायचा, हात लावायचा नाही. जीव घेणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत.

मळीच्या आणि रसाच्या बंद टाक्या: आत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. उतरलेला माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. तोंडाला रुमाल बांधून उतरणं म्हणजे काहीच न बांधता उतरणं. झाकण दिसलं की तार गुंडाळा, फलक लावा.

मळीच्या पाण्याचे खड्डे: वर वाळलेला थर दिसतो, खाली चिखल असतो. माणूस आणि गुरं दोन्ही रुततात.

जुने सिमेंटचे पत्रे: यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. फोडू नका, घासू नका. काढायचेच असतील तर ओले करून, अख्खे, जाड प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनात.

ट्रान्सफॉर्मर: जुन्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. तेल सांडू नका, जाळू नका, भंगारवाल्याला देऊ नका. गॅस कटर घेऊन भंगार कापायला येणाऱ्यांना टाक्यांजवळ फिरकू देऊ नका.

बगॅसचे जुने ढीग: बुरशी आलेल्या चिपाडाची धूळ फुप्फुसात जाऊन बगॅसोसिस नावाचा आजार होतो. ढीग ओला केल्याशिवाय हलवायचा नाही.

४. मातीचे आणि पाण्याचे नमुने कसे घ्यायचे? प्रयोगशाळा म्हणते 'आणून द्या', पण कसे ते सांगत नाही.

सगळ्या कामाचा पाया इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

जागेचे वापरानुसार तुकडे पाडा: बॉयलर व राखेचा ढीग, वर्कशॉप, डिस्टिलरी, मळीचे खड्डे, प्रयोगशाळेमागची मोरी, नाल्याचा काठ. प्रयोगशाळेची मोरी कुणाच्या लक्षात येत नाही. उसाच्या रसातली साखर मोजण्याआधी रस निवळायला वर्षानुवर्षं शिशाचं संयुग वापरलं जात होतं आणि ते धुऊन मोरीत जायचं. त्या मोरीच्या तोंडाशी शिसं आणि पारा दोन्ही तपासा.

प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणांहून माती घ्या. थर वेगळे ठेवा: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते १०० सें.मी. एका थराची सगळी माती स्वच्छ प्लास्टिकवर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेलं वापरलं तर जस्ताचा आकडा खोटा येतो, म्हणून प्लास्टिकचं टोपलं आणि स्टेनलेस स्टीलची खुरपी घ्या. वर्कशॉपची तेलकट माती मिसळू नका, ती थेट काचेच्या बरणीत काठोकाठ भरा.

तपासणीत एवढं मागा: सामू (पीएच), विद्युतवाहकता (क्षारांचं माप), विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं), चुनखडी, सेंद्रिय कर्ब, जिप्समची गरज, शिसं, क्रोमियम, कॅडमियम, निकेल, तांबं, जस्त, मोरीच्या मातीत पारा, वर्कशॉपच्या मातीत तेल. क्रोमियम 'एकूण' आणि 'षट्संयुजी' वेगवेगळं मागा, विषारी आहे तो दुसरा.

पाण्यासाठी मोटार १० मिनिटं चालवून मग बाटली भरा. धातूंची बाटली वेगळी, तिच्यात प्रयोगशाळेनं दिलेलं नायट्रिक आम्ल असतं, ती विसळू नका. बाकी बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा, कारण बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्या मापाचा) नमुना तसाच राहिला तर आकडा घटतो आणि प्रदूषण कमी दिसतं.

दोन वेळा घ्या: मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. क्षार उन्हाळ्यात वर येतात आणि पावसात खाली जातात, एकाच वेळचा अहवाल अर्धं चित्र दाखवतो. धातूंसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा निवडा. साध्या माती परीक्षणासाठी कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ चालेल.

५. अहवालात क्रोमियम आणि निकेल जास्त आलं. म्हणजे कारखान्यानंच सोडलं ना?

तसं लगेच म्हणता येत नाही. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे आणि त्या खडकात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. किलोला १०० मि.ग्रॅ. क्रोमियम स्वच्छ शेतातही सापडू शकतं. म्हणून उताराच्या वरच्या बाजूचा, त्याच पोताच्या शेताचा तुलनेचा नमुना घ्यायलाच हवा, निदान तीन ठिकाणांहून. जागेवरचा आकडा त्याच्या दोन-तीन पट असेल, किंवा षट्संयुजी क्रोमियम सापडत असेल, तर बोट कारखान्याकडे जातं. शिसं आणि कॅडमियम बेसाल्टमध्ये थोडंच असतं, त्यांची वाढ लवकर कळते.

विद्युतवाहकता वाचताना नेमकी चूक होते. आपल्याकडची माती पत्रिका बहुधा एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी अशा द्रावणातून आकडा देते, तिथे १ च्या वर गेलं की पिकाला जड जायला लागतं. खारवट जमिनीची पुस्तकातली सीमा, ४ डेसिसायमन प्रति मीटर, ही संपृक्त मातीच्या अर्कासाठी आहे. प्रयोगशाळेला पद्धत विचारल्याशिवाय दोन अहवालांची तुलना करू नका. चोपण जमिनीसाठी सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर, ही खूण.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० पाहा: शिसं लिटरला ०.०१, एकूण क्रोमियम ०.०५, नायट्रेट ४५ मि.ग्रॅ. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत.

६. कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली आहे आणि अर्ध्या कोसावरची लाल झाली. असं कसं?

बेसाल्टमध्ये पाणी वाळूसारखं सगळीकडे सारखं झिरपत नाही, भेगांमधून आणि सच्छिद्र थरांमधून धावतं. भेग ज्या विहिरीला जाऊन मिळते ती खराब होते, मग ती लांब असली तरी. त्यात भारी काळी जमीन उन्हाळ्यात हातभर-दोन हात खोल भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून वरच्या थराला न भिजवता थेट खाली उतरतं. म्हणून परिघ आखून 'एवढ्या अंतराच्या पलीकडे सुरक्षित' असं कुणी सांगितलं तर मानू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला विहिरींची पाणीपातळी मोजून प्रवाहाची दिशा काढून मागा.

जागेवरचे बंद बोअर ही सगळ्यात वाईट वाट. खडी, त्यावर सिमेंटचा गारा आणि वरचे दोन मीटर घट्ट चिकणमाती, असं भरून ते बंद करा.

७. मग हातात घ्यायचं पहिलं काम कोणतं?

पाणी वळवणं. झाडं नंतर. एका एकरावर ५० मि.मी. पाऊस पडला की दोन लाख लिटर पाणी होतं. वरच्या शेतांचं पाणी जागेत शिरलं तर ते सगळी घाण घेऊन नाल्यात उतरतं. उताराच्या वरच्या अंगाला, खराब पट्ट्याच्या बाहेर, पाणी वळवणारा चर खणा: खोली दोन फूट, तळ दोन फूट, माती खालच्या बाजूला बांध म्हणून. चराचं तोंड स्वच्छ बाजूनं नाल्याला काढा आणि तिथे दगडी पिचिंग करा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात घळ पडते. हे काम मेअखेर संपलं पाहिजे.

खालच्या अंगाला, नाल्याच्या काठाशी, वाळ्याच्या दोन ओळी लावा. रोपांचे शेंडे वीतभर ठेवून छाटायचे, एका जागी दोन-तीन फुटवे, दोन जागांत १० ते १५ सें.मी. अंतर. अंतर वाढवलं की ओळ गाळ अडवत नाही, नुसती शोभेची राहते.

८. मळीच्या पाण्याचे खड्डे फोडून रिकामे केले तर?

फोडू नका. ताज्या स्पेंट वॉशची, म्हणजे डिस्टिलरीतून निघणाऱ्या मळीच्या सांडपाण्याची, बीओडी लिटरला ४०,००० मि.ग्रॅ.च्या आसपास किंवा वर असते. नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सात-आठ मि.ग्रॅ. प्राणवायू असतो. म्हणजे एक लिटर मळीचं पाणी पाच हजार लिटर नदीचा प्राणवायू खाऊ शकतं. साचून जुनं झालेलं पाणी कमी तीव्र असतं, तरी मासे मारायला पुरेसं.

टँकरनं उपसायचं म्हटलं तर एकरभराच्या, दोन मीटर खोल खड्ड्यात ८० लाख लिटर पाणी असतं, दहा हजार लिटरच्या ८०० फेऱ्या. म्हणून बांधाची डागडुजी करून, पावसाचं पाणी आत येऊ न देता ते वाळू द्यायचं. बांध पाण्याच्या पातळीपेक्षा निदान दोन फूट उंच राहिला पाहिजे, हे दर जूनमध्ये मोजा. तळाचा गाळ पोकलेननं खरवडू नका, खालच्या मुरमाचा घट्ट झालेला थर फुटला की वाट थेट भूजलाला.

वाळलेला गाळ 'पालाश भरपूर आहे' म्हणून शेतात नेण्याचा मोह होतो. पालाश असतोच, पण सोबत क्षारही. प्रश्न ४ मधली पूर्ण तपासणी झाल्याशिवाय एक ट्रॉलीही बाहेर जाऊ देऊ नका.

९. चोपण जमिनीला जिप्सम किती आणि कसं द्यायचं?

वरच्या १५ सें.मी. थरात, १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला एकरी साधारण ७ क्विंटल शुद्ध जिप्सम लागतं. अहवालात गरज ४ आली तर २८ क्विंटल. बाजारातलं जिप्सम ७० टक्के शुद्ध असेल तर २८ ला ०.७ ने भागा, म्हणजे ४० क्विंटल. एवढं एकदम न देता दोन वर्षांत विभागलं तरी चालतं. फॉस्फोजिप्सम घेणार असाल तर फ्लोराइड आणि धातूंचा अहवाल मागून घ्या.

मेअखेर बारीक पूड पसरून १० सें.मी. पर्यंत वखरानं मिसळा, खोल नांगरू नका. सोबत एकरी ५ ते १० टन कुजलेलं शेणखत. पहिल्या पावसानंतर ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलावर येताच गाडा. मुळांतून आणि कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीतली चुनखडी विरघळवतो आणि कॅल्शियम फुकट मिळतं.

बहुतेक प्रयत्न इथेच फसतात: जिप्सम टाकलं, पण निचरा नाही. सुटलेलं सोडियम धुऊन बाहेर गेलंच नाही तर पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा वर येतं. भारी जमिनीत एक ते सव्वा मीटर खोल निचऱ्याचे चर, २० ते ३० मीटर अंतरानं हवेत, आणि ते पाणी नाल्यात न सोडता प्लास्टिक अंथरलेल्या उथळ तळ्यात वाळवायचं.

अपवाद महत्त्वाचा आहे. त्याच जागी धातूही जास्त असतील तर धुण्याचा मार्ग घेऊच नका, आणि गंधक तर मुळीच नाही. गंधकानं सामू उतरतो आणि काळ्या मातीनं घट्ट धरून ठेवलेले धातू सुटे होतात. तिथे प्रश्न ११ मधलं झाकणच योग्य.

१०. सूर्यफूल किंवा मोहरी लावली की जमिनीतलं शिसं शोषलं जातं, असं ऐकलं. करावं का?

हिशेब मांडून पाहा. एक एकर, १५ सें.मी. थर, म्हणजे सुमारे ८५० टन माती. किलोला ५०० मि.ग्रॅ. शिसं असेल तर एकरात ४२५ किलो. पिकाचा वाळलेला पाला एकरी ५ टन धरला आणि त्यात किलोला १०० मि.ग्रॅ. शिसं चढलं असं उदारपणे मानलं, तरी वर्षाला अर्धा किलो निघतं. आठशे वर्षांच्या वर लागतील. चुनखडीच्या आपल्या जमिनीत तेवढंही चढत नाही. शिवाय ते पीक घातक कचरा म्हणून ठेवावं लागतं, चुलीत घालता येत नाही. झाडांकडून धातू काढून घेण्यापेक्षा, धातू जागच्या जागी राहतील आणि धूळ उडणार नाही, एवढं काम घ्या. ते झाडं चांगलं करतात.

११. कोणती झाडं लावायची? देणगीतून दहा हजार रोपांचं घनदाट जंगल मिळतंय.

देणगी कुंपणासाठी आणि पाण्याच्या टँकरसाठी वळवता आली तर घ्या. खराब जमिनीत दाटीनं लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात एकत्र जातात. जागेचे तीन भाग करा.

धातूंचा पट्टा: इथे खड्डे खणायचेच नाहीत. खालून वर चिकणमातीचा एक फूट दाबलेला थर, मग अर्धा फूट जाड मुरूम, मग दीड-दोन फूट चांगली माती. मुरमामुळे खालचे क्षार केशाकर्षणानं वर चढत नाहीत आणि खालची काळी माती उन्हानं भेगाळत नाही. वर फक्त मारवेल, हरळी, तरवड. वड-पिंपळासारखी झाडं मुळांनी झाकण फोडतात. मुरूम उचलण्यासाठी तहसीलची गौण खनिज परवानगी लागते. झाकणाचा आराखडा प्रदूषण नियंत्रण मंडळाला दाखवूनच करा.

चोपण-खारवट पट्टा: बाभूळ, करंज, आणि सामू थोडा उतरल्यावर कडुलिंब. दीड-दोन फुटांचे खड्डे, प्रत्येकात दोन घमेली शेणखत आणि दोन किलो जिप्सम. तीन उन्हाळे आठवड्याला १० लिटर पाणी. जागेवरच्या विहिरीचं पाणी घालण्याआधी विद्युतवाहकता मोजा, ३ च्या वर असेल तर नको. मोजायचं पेनासारखं यंत्र गावानं विकत घेऊन ठेवावं.

स्वच्छ काठ: अर्जुन, करंज, निर्गुडी. पाण्यात पाणकणीस आणि लव्हाळा. वेडी बाभूळ आपोआप वाढते म्हणून लावू नका, ती इतर काही उगवू देत नाही. आधीच असेल तर एकदम तोडू नका, दुसरी मुळं धरेपर्यंत मातीला तीच धरून आहे.

१२. समुद्रकाठच्या जागांवर खारफुटी लावतात. तीच रोपं आणली तर?

जगणार नाहीत. खारफुटीचं काम भरती-ओहोटीवर चालतं, आपल्याकडे क्षार आहेत पण भरती नाही. २०२० साली राज्य खारफुटी वृक्ष म्हणून घोषित झालेली पांढरी चिप्पी कोकणातच बरी. गाळ अडवण्याचं तिचं काम इथे वाळा आणि पाणकणीस करतात.

१३. गवत उगवलं की गुरं सोडायची का? सीताफळं लागली तर खायची का?

धातूंच्या पट्ट्यातलं गवत गुरांना नाही, शेळ्यांना तर नाहीच, त्या मातीसकट ओरबाडतात. वाळ्याच्या मुळ्या विकायच्या नाहीत. स्वच्छ पट्ट्यातला चारा लागोपाठ दोन वर्षं तपासून मग खुला करा. चराईवर नुसती बंदी घातली तर कुंपण तुटतं. शेळ्या राखणाऱ्या घरांना दुसरीकडच्या गायरानाचा वाटा ग्रामसभेत आधी ठरवून द्या. फळझाडं या जागेत लावूच नका, लहान मुलं फलक वाचत नाहीत.

१४. विहिरीला फिल्टर बसवून भागेल का?

मळीचा तपकिरी रंग वाळू-कोळशाच्या फिल्टरनं पुरता जात नाही. आरओनं बराच जातो, पण उरलेलं खारं पाणी कुठे सोडणार हा प्रश्न राहतो, आणि बहुतेक गावं ते पुन्हा त्याच नाल्यात सोडतात. अहवाल वाईट असेल तर पिण्यासाठी दुसरा स्रोत हेच उत्तर. उपसून उपसून विहीर साफ करू नका, जोरात उपसा केला की आजूबाजूची घाण तिच्याकडे ओढली जाते.

१५. तेलाची पिंपं आणि अॅस्बेस्टॉस शेवटी जातं कुठे?

घातक कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त सुविधेतच जातो. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे त्या आहेत. पाठवणी मालक किंवा अवसायकाच्या नावानं, मंडळाच्या मान्यतेच्या वाहनातून आणि मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला त्याच्या नोंदपत्रासह) व्हायला हवी. गावानं आपल्या नावानं कधीही पाठवू नये.

१६. खर्च कुणी करायचा? कारखाना बुडाला, संचालक हात वर करतात.

ज्यानं घाण केली त्यानं भरायचं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात १९९६ साली लागू केलं. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले. त्यानुसार जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची सहामाही माहिती द्यायची आणि राज्य मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना करा, प्रत मंडळाच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक कार्यालयाला, सोबत प्रश्न ४ चे अहवाल आणि नकाशा.

माहितीच्या अधिकारात १० रुपयांत कारखान्याचे जुने संमतीपत्र, दरवर्षीचं पर्यावरण विवरण म्हणजे नमुना ५, आणि घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण मागा. आत काय वापरलं जात होतं ते त्यात लिहिलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे नुकसानभरपाई आणि पुनर्स्थापनेसाठी कारण घडल्यापासून ५ वर्षांत जाता येतं, इतर वादांसाठी मुदत फक्त ६ महिने. अवसायनात, ज्यांचं कारखान्याकडे येणं आहे त्यांची यादी बंद होण्याआधी साफसफाईच्या खर्चाचा दावा अवसायकाकडे लेखी नोंदवा. ही तारीख चुकलेली गावं पुढे नुसती पत्रं लिहीत राहतात.

१७. दुष्काळाच्या वर्षी काय करायचं?

नवी लागवड थांबवा, असलेल्या झाडांच्या आळ्यात उसाच्या पाचटाचं चार बोटं आच्छादन करा. पाऊस कमी म्हणजे धुलाई नाही आणि बाष्पीभवन जोरात, त्यामुळे क्षार वर येतात आणि पापुद्री जाड होते. ती खरवडून नाल्यात टाकण्याची चूक होते, गोळा करून झाकणाखालीच घाला. मळीचे खड्डे मात्र याच वर्षी झपाट्यानं वाळतात, बांध दुरुस्तीचं आणि झाकणाचं काम तेव्हा उरकून घ्या.

१८. काम पूर्ण झालं असं कधी समजायचं?

हिरवळ पाहून ठरवू नका. खालच्या अंगाच्या तीन विहिरी निवडा आणि मे व नोव्हेंबरचे अहवाल एकाच वहीत, एकाच प्रयोगशाळेचे, निदान पाच वर्षं लिहा. दुष्काळ आणि अतिवृष्टी या दोन्ही वर्षांत आकडे उताराच्या वरच्या बाजूच्या, तुलनेसाठी धरलेल्या विहिरीच्या जवळ राहिले, तर पाण्याची बाजू सावरली. झाकलेला धातूंचा पट्टा कधीच 'पूर्ण' होत नाही. त्याचा गट नंबर, हद्द आणि 'इथे खोदकाम करू नये' हा ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहिला पाहिजे, आणि शक्य असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतही. दर जूनच्या आधी झाकणावर चालून भेगा, उंदरांची बिळं आणि उगवलेली मोठी झाडं पाहायची. भेग दिसली की त्याच दिवशी माती भरून चोपायची.